करवलीची नखं

माझ्या जावेच्या मुलीचं, पिंकीचं लग्न रविवारी थाटात पार पडलं आणि सोमवारी सकाळी माझी मुलगी अपेक्षा मोरीच्या कट्ट्यावर बसून स्वतःचं नख दातांनी ओढत होती. मी तिच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला, तिचं तोंड पाहिलं आणि हात खाली घेतला. मंगळवारी सकाळी वडगावला तिची कबड्डीची जिल्हा निवड चाचणी होती. कबड्डीत मैदानात उतरायच्या आधी पंच एकेकीचा हात धरून नखं तपासतात. वाढलेली नखं दिसली की बाहेर काढतात, मग तुम्ही कितीही चांगल्या खेळाडू असा. आणि आमच्या बाईसाहेबांच्या दहाही बोटांना पेराएवढी लांब, डाळिंबी रंगाची, चकचकीत नखं होती.

ही नखं म्हणजे नुसता रंग असता तर मी एवढं बोललेच नसते. खऱ्या नखावर कसलासा पाक चढवतात, बोटं यंत्राच्या निळसर उजेडात धरायला लावतात आणि तो पाक दगडासारखा घट्ट होतो. नवरीची करवली म्हणून माझ्या जावेनं पिंकीबरोबर अपेक्षालाही तळेगावला रुपालीच्या पार्लरमध्ये बसवलं. मी त्या दिवशी कंपनीत होते. घरी आले तर पोरीला स्वतःचा ड्रेस स्वतः घालता येत नव्हता आणि तरी ती आरशासमोर बोटं नाचवत होती. मी म्हटलं, अगं मंगळवारी चाचणी. ती म्हणाली, "आई, सोमवारी काढून टाकते. अर्ध्या तासाचं काम आहे." तिनं ते इतक्या खात्रीनं सांगितलं की मीही गप्प बसले, आणि मी गप्प बसले असं आमच्या घरात वर्षातून फार वेळा होत नाही.

या चाचणीवर काय अवलंबून होतं ते सांगते. अपेक्षाचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. तालुक्याकडून ती दोनदा खेळली होती, पण जिल्ह्याच्या संघात नाव लागलं नव्हतं. तशात लग्नात नवरदेवाकडच्या एका पाहुण्यांनी करवली हेरली. मुलगा चाकणला इंजिनियर, घरची शेती, घर बांधलेलं. मुलाच्या आईनं जेवणाच्या पंगतीत अपेक्षाचा हात हातात घेतला आणि "काय सुरेख हात आहेत पोरीचे," असं सगळ्यांसमोर म्हणाली. माझ्या सासूबाई सरुबाई. त्यांना एवढं पुरलं. त्यांनी तिथंच येत्या रविवारी पोरगी बघायला या म्हणून सांगून टाकलं. मग घरी आल्यावर आमची जुंपली. मी तापट आहे हे मला कुणी सांगायला नको, कंपनीत तर मला सगळे मिरचीच म्हणतात. शेवटी माझ्या नवऱ्यानं, राजेंद्रनं, दोघींच्या मधे पडून तोडगा काढला. मंगळवारी जिल्ह्यात निवड झाली, तर पाहुण्यांना नको म्हणून कळवायचं आणि पोरीला खेळू द्यायचं. नाही झाली, तर रविवारी पाहुणे येणार आणि मी तोंड उघडायचं नाही. एवढं ठरवून तो उर्शाच्या टोलनाक्यावर ड्युटीला निघून गेला. त्याला बरं आहे.

माझं लग्न बारावीचा निकाल लागायच्या आधी झालं. तक्रार नाही, माणूस चांगला मिळाला. पण मला कुणी विचारलं नव्हतं, हे मी विसरलेले नाही. अपेक्षाला विचारलं जावं, आणि तिच्याकडे उत्तर द्यायला काहीतरी स्वतःचं असावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि ते सगळं आता त्या डाळिंबी नखांखाली अडकलं होतं.

तर सोमवारी सकाळी स्टेशनरीच्या दुकानातून नेलपॉलिश रिमूव्हरची मोठी बाटली आणली. मोबाईलवर बायका बोटं वाटीत बुडवून बसतात आणि मग वरचा थर सालीसारखा निघून येतो, असं अपेक्षानं मला दाखवलं. आम्ही दोन वाट्या घेतल्या. थंडीचे दिवस, त्यात तो रिमूव्हर बर्फासारखा गार. अपेक्षा कुडकुडत बसली. मी भांडी आवरायला वळले तेवढ्यात सासूबाईंनी वाट्या उचलल्या आणि अंघोळीचं पाणी तापत होतं त्या चुलीशेजारी नेऊन ठेवायला निघाल्या.

"पोर गारठलीया. जरा ऊन करून घे की," त्या म्हणाल्या.

मी हातातलं पातेलं टाकून धावले. "आत्याबाई! ठेवा ते खाली! पेट घेईल ना!"

"पेटतंय व्हय? पान्यावानी तर दिसतंय."

बाटलीवर आगीचं चित्र छापलेलं होतं, ते त्यांना दाखवलं. त्यांनी वाट्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "मग आसलं कशाला पोरीच्या हाताला लावतीस?" आम्ही सगळं सामान उचलून अंगणातल्या ओट्यावर उन्हात नेलं, चुलीपासून लांब, आणि तिथं पुन्हा बोटं बुडवली.

अर्धा तास झाला, तास झाला. मग डब्यात चपात्या गुंडाळायचा चांदीचा कागद कापून, कापूस भिजवून, एकेक बोट गुंडाळून पाहिलं. सोडलं तर बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, धुणं धुतल्यासारखी. नखं मात्र जशीच्या तशी. उलट जास्तच चकाकत होती, मला चिडवायला. मी रुपालीला फोन लावला. ती लग्नाचं काम उरकून माहेरी मुळशीच्या आतल्या बाजूला गेली होती आणि फोन लागत नव्हता. मग अपेक्षाला स्कूटीवर मागे बसवून तळेगाव गाठलं. सोमवारी बरीच पार्लरं बंद. एक उघडं मिळालं, तिथल्या मुलीनं नखं वर-खाली करून पाहिली आणि म्हणाली, "दुसऱ्यांनी लावलेलं आम्ही काढत नाही हो काकू. काय वापरलंय माहीत नसतं. नखाला इजा झाली तर आमच्यावर येतं." तिचं चूक नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मी तिच्या दारात असं काही बोलले की अपेक्षानंच मला ओढून बाहेर आणलं.

घरी परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी रुपालीचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. अपेक्षा ओट्यावर एकटी बसली होती. तिनं काय केलं, तर नेलकटरचं टोकदार पातं उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखाखाली सरकवलं आणि वर उचकटलं. कट्ट असा आवाज मला आत स्वयंपाकघरात ऐकू आला. मग तिची किंकाळी.

मी बाहेर आले. त्या कडक थराचा एक कोपरा उचकटून वर आला होता आणि येताना खऱ्या नखाचा पापुद्रा घेऊन आला होता. खाली गुलाबी, ओलसर, बघवत नव्हतं. रक्त आलं नव्हतं, पण यायला किती वेळ. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या त्या तिथंच विरल्या. मी घाबरले, सरळ सांगते. मी तिचा हात धरला.

"लय दुखतंय का गं?"

"दुखत नाही गं," ती हुंदके देत म्हणाली. "पण पंचांना रक्त दिसलं तर मला बसवतील. नखं राहिली तरी बसवतील. मग काय करू मी? माझी चाचणी गेली, आई."

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत गेल्या आणि स्वच्छ पाण्याचा तांब्या आणून माझ्याजवळ ठेवला.

तेवढ्यात सासरे आले. अंबाजी आबा म्हणजे आमच्या गावात बैलगाड्याच्या शर्यतीतलं जुनं नाव. गोठ्यात अजून एक शर्यतीचा बैल आहे आणि त्याची बडदास्त आमच्यापेक्षा चांगली असते. आबांनी नात रडताना पाहिली, कारण विचारलं, आणि गोठ्यात जाऊन बैलाची शिंगं साळायची कानस घेऊन आले. चांगली हातभर लांब.

"आन हिकडं हात," ते म्हणाले. "शिंग काय आन् नख काय, येकच. आत्ता उडवतो."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी अंगठ्यावर कानस फिरवली. खर्र करून आवाज झाला, पोरगी जागेवरून उडाली. नखावर पांढरा चरा पडला, आणि वरच्या कातडीलाही कानस घासून गेली. "भाजलं, आबा!" ती ओरडली.

"बैलबी येवढा आरडत न्हाई," आबा नाराज होऊन म्हणाले. पण त्यांनी कानस लगेच मागे लपवली, आणि मग तिच्या अंगठ्यावर फुंकर घालत बसले. त्यांना काही बोलले असते तर मलाच रडू आलं असतं.

आणि फोन वाजला. रुपाली. रस्त्यावर येऊन तिला रेंज मिळाली होती आणि माझे इतके फोन पाहून ती बिचारी घाबरून गेली होती.

मी सगळं एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "काकू, मी लावतानाच अपेक्षाला सांगितलं होतं की हे हार्ड जेल आहे. हे कशातच विरघळत नाही. व्हिडिओत दाखवतात ते वेगळं, ते मऊ जेल. हे घासूनच काढायचं असतं."

अपेक्षानं मान खाली घातली. सांगितलं असणार. पिंकी, जाऊबाई, सगळ्यांची लग्नाची बडबड चालू असताना कोण ऐकतंय.

"आता ऐका," रुपाली म्हणाली. "घाई करू नका. आधी नेलकटरनं लांबी कमी करा. मधून एकदम दाबायचं नाही, नाहीतर चिरत आत जाईल. एका कडेनं थोडं, दुसऱ्या कडेनं थोडं. मग दुकानात साधी कागदी फाइल मिळते, खरखरीत आणि बारीक, दोन्ही घ्या. एका जागी घासत बसू नका, पूर्ण नखावर फिरवा. चटका बसला की थांबा, दुसऱ्या बोटाकडे जा. तोंडाला मास्क लावा, धूळ लय वाईट असते. आणि नखं घासायच्या मशिनच्या भानगडीत पडू नका, कुणाकडे असली तरी."

"आणि सगळं निघालं हे कळणार कसं?"

"सगळं काढायचंच नाही काकू. आधी रंगाची धूळ पडेल, मग पांढरी. मग खऱ्या नखावरच्या उभ्या रेघा खालून दिसायला लागतील. तिथं थांबायचं. पातळ थर राहू द्यायचा, तो नखाबरोबर वाढतो आणि कापला जातो. पूर्ण काढायला गेलात तर खरं नख घासून टाकाल."

"अगं पण पंच!"

"पंच लांब नख बघतात ना? आखूड आणि कडेला गुळगुळीत असलं म्हणजे झालं."

इतकी साधी गोष्ट सकाळपासून आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आम्हाला ती नखं मुळासकट उपटायची होती. पोरीचं दुखणं, माझा त्रागा, सगळं त्या 'मुळासकट'साठी चाललं होतं. माझ्या छातीवरचं ओझं निम्मं तिथंच उतरलं. उचकटलेल्या नखाचं विचारलं तर रुपाली म्हणाली, साबणानं हलकेच धुवा, कोरडं करा, सुटलेलं तेवढंच कापा, चिकटलेलं ओढू नका, गोंदबिंद लावू नका, आणि सूज किंवा पू दिसला तर मात्र डॉक्टर.

आबांनाच दुकानात पिटाळलं. ते खरखरीत आणि बारीक अशा दोन फाइली घेऊन आले, आणि त्या बोटांनी दाबून बघत म्हणाले, "ह्या पुठ्ठ्यानं काय व्हनार?" मग कानस ठेवून दिली आणि समोर मांडी घालून बसले.

मी कंपनीत रबराच्या सीलच्या कडा कापते. पात्याच्या एका फटक्यात जादाची कड उडवायची आणि पुढचा तुकडा घ्यायचा. हाताला वेग आहे म्हणून मला चांगल्या लाइनवर ठेवलंय. तो वेग मी पहिल्याच नखावर वापरला. "आई, चटका!" मी हात उचलला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चटका. वेग ही माझी सगळ्यात चांगली गोष्ट, आणि इथं तिचा काही उपयोग नव्हता. मी चिडले, फाइल ओट्यावर आपटली, पाणी प्यायले, परत बसले. मग बोट माझ्या तळव्यावर नीट टेकवलं आणि फाइल नखावर ठेवून हळूच पुढे नेली, उचलली, हळूच पुढे नेली. चार वेळा फिरवायची आणि पुढच्या बोटाकडे वळायचं. सगळ्या बोटांवरून फिरून परत पहिल्याकडे यायचं. अपेक्षाच्या मांडीवर जुनी ओढणी पसरली होती, तिच्यावर डाळिंबी भुकटी साचत गेली.

"खरं सांगू?" अपेक्षा मास्कच्या आतून म्हणाली. "मला आवडली होती गं ही नखं. लग्नात सगळे बघत होते. मलाच माझे हात आवडत होते."

मला वाटलं होतं तिला जावेनं जबरदस्तीनं बसवलं. मी दोन दिवस जावेवर मनात दात खात होते. "मग आता वाईट वाटतंय?"

"थोडं." मग ती म्हणाली, "पण उद्या नाही खेळले तर त्याहून वाईट वाटेल. लय वाईट वाटेल."

मी म्हटलं, चाचणी झाली की रुपालीकडून परत लावून घे, आखूड आणि लवकर काढता येणारी. ती हसली. दिवसभरात पहिल्यांदा हसली. तिला दोन्ही हवं होतं आणि त्यात काही वावगं नव्हतं, हे मला माझ्या तापट डोक्यानं इतकं उशिरा कळावं याचं मलाच नवल वाटलं.

डाळिंबी भुकटीची पांढरी झाली. मग करंगळीच्या नखावर, अगदी बारीक, उभ्या रेघा दिसल्या. मी थांबले. हात पुढे जायला शिवशिवत होता, अजून थोडं, अजून एकदा, अगदी स्वच्छ करू. पण थांबले. बारीक फाइलनं कडा गोल केल्या आणि पुढचं नख घेतलं. उन्हं उतरेपर्यंत नऊ बोटं झाली. दहावं, ते उचकटलेलं, सगळ्यात शेवटी घेतलं. सुटलेला तुकडा कापला, बाकीचं फाइलनं नुसतं टेकल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. सासूबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या आणि नातीच्या एकेका बोटाला तेल चोळत बसल्या. बराच वेळ चोळत होत्या. "किती हाल केल्यात पोरीच्या हाताचं," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी राजेंद्र ड्युटीवरून थेट आला आणि आम्हा दोघींना वडगावच्या मैदानावर सोडून झोपायला घरी गेला. मैदानावर तालुक्या-तालुक्याच्या पोरी. गावच्या कबड्डी मंडळाचे सखाराम सर शिट्टी गळ्यात अडकवून फेऱ्या मारत होते. अपेक्षानं मधल्या बोटाला खेळाडूंची पट्टी गुंडाळली होती. पंच म्हणून एक बाई होत्या, उंच, आवाज खणखणीत. रांगेतली पहिली पोरगी गेली, दुसरी गेली. तिसरीला त्यांनी नखं कापायला बाजूला पाठवलं.

अपेक्षाची पाळी आली. बाईंनी दोन्ही हात उलटे धरले, अंगठ्यानं बोटांच्या टोकांवरून घासून पाहिलं. मग थांबल्या. "हे चकाकतंय काय?"

"मॅडम, जेल लावलं होतं. बहिणीच्या लग्नात. घासून काढलंय, थोडा थर राहिलाय."

बाईंनी परत अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. मग पट्टीकडे बोट केलं. "ही काढ."

अपेक्षानं पट्टी सोडली. मी कुंपणापलीकडून पाहत होते, मला बोट दिसत नव्हतं, फक्त बाईंचा चेहरा दिसत होता. त्यांनी नख उजेडात धरलं. रक्त नव्हतं, सूज नव्हती, कड अंगाबरोबर कापलेली. "दुखेल," त्या म्हणाल्या.

"चालेल मॅडम."

"मग परत गुंडाळ. नीट गुंडाळ, सुटायला नको. पुढची."

मी खाली बसले. खरंच खाली, मैदानाच्या कडेला धुळीत, साडीचा विचार न करता. शेजारच्या बाईंनी विचारलं, चक्कर आली का. मी म्हटलं, नाही हो, बरं वाटलं. त्यांना ते कळलं नसावं.

त्यानंतर मी माझ्या मुलीला खेळताना पाहिलं. एरवी माझी शिफ्ट असते, तिची मॅच मी कधी पूर्ण पाहिलीच नव्हती. ती चढाईला निघाली की खांदे खाली घेते, मान जराशी तिरपी करते आणि समोरच्या पोरींच्या डोळ्यांत बघत कबड्डी कबड्डी म्हणत सरकते. त्या दिवशी ती उजवा हात मागे ठेवत नव्हती. एकदा तिला तिघींनी पाय धरून पाडलं आणि ती पोटावर सरपटत त्याच पट्टीच्या बोटानं रेषेला टेकली. मी काय ओरडले मला आठवत नाही, सखाराम सर मात्र दचकून माझ्याकडे बघायला लागले.

दुपारी नावं वाचली. पुकारणाऱ्यांनी आमच्या गावाचं नाव घेतलं आणि मग तिचं. अपेक्षा जागच्या जागी उभी राहिली, दोन्ही हात तोंडावर, आणि मी तिच्याकडे धावले. रडलो आम्ही दोघी. मग हसलो. मग मी तिचं मधलं बोट तपासलं, पट्टी घट्ट होती.

घरी फोन लावला. मला सासूबाईंना ऐकवायचं होतं, सरळ सांगते, जरा मिरवायचंही होतं. फोन त्यांनीच उचलला.

"आत्याबाई, निवड झाली! जिल्ह्यात! आता तेवढं त्या पाहुण्यांना कळवून टाका."

"झाली व्हय? देव पावला," त्या म्हणाल्या. "पाव्हन्यास्नी कवाच कळवलं. तुमी गेल्याव सकाळीच फोन लावायला सांगितला आबास्नी."

सकाळी तर निकाल लागायचा होता. "अहो, आणि निवड झाली नसती तर?"

"तरीबी कळवलंच असतं. ती बाय पोरीची नखं बघून भुलली व्हती. ती नखं पोरीची न्हवतीच, म्हनून सांगितलं. हिचं हात कसं हायेत ते म्या काल तेल लावताना बघितलं. खरचाटलेलं, घट्टं पडल्यालं. म्हनलं, पोरगी बघायचीच आसंल तर मैदानावर या."